आयपीएलचे संघमालक खेळाडूंवर पैसा कसा लावतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिलावाच्या दिवशी टीव्हीवर बोलीचे फलक, म्हणजे पॅडल, वर-खाली होतात, आकडे कोटींत पळतात आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात, टपरीवर एकच विषय असतो: 'एवढे पैसे? त्याला?' हे पान त्या प्रश्नासाठी आहे. उत्तरं देताना २०२५ च्या हंगामाआधीचा जेद्दाहचा मोठा लिलाव आणि २०२६ आधीचा अबुधाबीचा मिनी (दोन मोठ्या लिलावांमधल्या वर्षातला छोटा) लिलाव समोर ठेवले आहेत. क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही, पण पर्सचं गणित आधी डोक्यात बसलं तर पुढचं सोपं जाईल.

मुंबईचे अंबानी काय, लखनऊचे गोयंका काय, यांना पैशाला काय तोटा? मग हवा तो खेळाडू हवे तेवढे पैसे टाकून का घेत नाहीत?

कारण लिलावाच्या टेबलावर मालकाची श्रीमंती चालत नाही, पर्स चालते. खेळाडूंच्या मानधनावर एका संघाने एका हंगामात जास्तीत जास्त किती खर्च करायचा ती रक्कम म्हणजे पर्स. ती ठरते बीसीसीआयकडून आणि दहाही संघांना सारखीच असते. २०२५ साठी ती १२० कोटी रुपये होती, २०२६ साठी १२५ कोटी. तेवढ्यात किमान १८ आणि कमाल २५ खेळाडू बसवायचे, त्यात परदेशी आठच्या वर नकोत.

हात आखडता घेऊनही चालत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. पर्सचा किमान ७५ टक्के भाग खर्च करावाच लागतो. म्हणजे वरून झाकण आणि खालून तळ, मालकाला खेळायला जागा मधल्या पट्ट्यातच. 'किती खर्च करू' हा प्रश्न त्याच्यापुढे जवळपास नसतोच. कुणावर किती आणि त्यापायी कुणाला सोडायचं, एवढंच त्याच्या हातात उरतं.

पर्स आजवर किती वाढली?

२००८ च्या पहिल्या लिलावात प्रत्येक संघाकडे ५० लाख डॉलर होते, तेव्हाच्या दराने साधारण २० कोटी रुपये. २०१८ ला ८० कोटी, २०२२ ला ९०, २०२४ ला १०० आणि २०२६ ला १२५.

यातली एक गंमत पाहा. पहिल्या लिलावात चेन्नईने महेंद्रसिंग धोनीला १५ लाख डॉलरना घेतलं, म्हणजे पर्सच्या ३० टक्के. जेद्दाहला ऋषभ पंत २७ कोटींना गेला, १२० कोटींच्या साडेबावीस टक्के. रुपयांत पंत कितीतरी महाग, पण पर्सच्या हिशेबात २००८ चा धोनी त्याच्यावर चढ आहे. लिलावाचे आकडे वर्षानुवर्षं तोलायचे असतील तर टक्क्यांत तोलावेत. 'इतिहासातला सर्वांत महागडा खेळाडू' हा मथळा दर दोन-तीन वर्षांनी आपोआप तयार होतो, कारण पर्सच वाढलेली असते.

लिलावातली रक्कम एका वर्षाची की तीन वर्षांची?

एका हंगामाची. करार पुढे चालू राहिला तर पुढच्या हंगामाला पुन्हा तेवढीच.

याशिवाय २०२५ पासून सामना मानधन सुरू झालं: खेळलेल्या प्रत्येक सामन्याचे साडेसात लाख. त्यासाठी प्रत्येक संघ १२ कोटी ६० लाख वेगळे काढतो, ते पर्समध्ये धरत नाहीत. कोटीवाल्यांना त्याने फरक पडत नाही. पण ३० लाखांच्या मूळ किमतीला घेतलेला एखादा पोरगा साखळीतले चौदाही सामने खेळला तर त्याला वरचे १ कोटी ५ लाख मिळतात, लिलावातल्या किमतीच्या साडेतीन पट. आयपीएलमध्ये अलीकडे झालेला सर्वांत शहाणा बदल हा, असं आमचं मत.

एवढा खर्च करून मालक तोट्यात जात नाहीत का?

आकडेमोड करून पाहू. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले. वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी. यातला साधारण अर्धा वाटा संघांकडे येतो. दहात भागला की एकाच्या पदरात वर्षाला ढोबळमानाने ४८० कोटी पडतात. (वाटणी अगदी सारखी नसते, थोडा भाग गुणतालिकेतल्या क्रमांकावर जातो.) टाटा समूह शीर्षक प्रायोजकत्वासाठी वर्षाला ५०० कोटी देतो, त्यातही संघांचा वाटा. जर्सीवरच्या जाहिराती आणि तिकिटांचे पैसे संघाचे स्वतःचे.

आता खेळाडूंचा खर्च: १२५ कोटींची पर्स आणि १२.६ कोटींचं सामना मानधन मिळून १३८ कोटींच्या आसपास. पहिला चेंडू पडण्याआधीच टीव्ही आणि मोबाइलच्या पैशातून तो तीनदा भागतो.

पण इथेच जुन्या आणि नव्या मालकांची वाट वेगळी होते. २००८ च्या आठ जागांचे हप्ते दहा वर्षांत फिटले, तिथले मालक आता आपल्या उत्पन्नाचा २० टक्के भाग बोर्डाला देतात. मुंबईसाठी रिलायन्सने तेव्हा ११ कोटी १९ लाख डॉलर मोजले होते आणि ती सगळ्यांत मोठी बोली होती. २०२१ ला संजीव गोयंकांच्या आरपीएसजी समूहाने लखनऊसाठी ७,०९० कोटींची बोली लावली, दहा वर्षांत विभागून. म्हणजे वर्षाला ७०९ कोटी. प्रसारणाचे ४८० कोटी हातात येण्याआधीच गेलेले. या मालकाला पंतचे २७ कोटी म्हणजे जागेच्या वार्षिक हप्त्याच्या चार टक्केसुद्धा नाहीत. लखनऊवाले लिलावात धाडसी का वाटतात, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

खरा पैसा पुढे संघ विकताना मिळतो. सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीने ५,६२५ कोटींना घेतलेल्या अहमदाबादच्या (गुजरात टायटन्स) संघातला ६७ टक्के हिस्सा टोरेंट समूहाने २०२५ मध्ये घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरात युनायटेड स्पिरिट्सने आरसीबीतल्या, म्हणजे बंगळुरूच्या संघातल्या, आपल्या गुंतवणुकीचा फेरविचार करत असल्याचं जाहीर केलं.

मग जिंकलं काय आणि हरलं काय, मालकाला सारखंच?

सारखं नाही, पण आपण समजतो तितका फरकही नाही. तळाला राहिलात तरी कुणी खालच्या लीगमध्ये ढकलत नाही. आरसीबीने पहिला चषक ३ जून २०२५ ला उचलला, अठराव्या हंगामात. तोवरची सतरा वर्षं चषक नव्हता म्हणून चाहते कमी झाले नाहीत की जाहिराती आटल्या नाहीत. विराट कोहली सतरा वर्षं तिथेच होता, हे त्याचं कारण. मालक जेव्हा एखाद्या मोठ्या नावावर पैसा लावतो तेव्हा तो धावा आणि विकेटसोबत जर्सीही विकत घेत असतो. पंतप्रकरणातला दुसरा निम्मा भाग हा.

खेळाडूंना त्यांचा योग्य वाटा मिळतो का?

आमच्या मते, नाही. दहा संघांची पर्स आणि सामना मानधन एकत्र केलं तर सुमारे १,३७६ कोटी होतात. ती नुसत्या प्रसारण हक्कांच्या वार्षिक सरासरीच्या १४ टक्के आहे, बाकीचं उत्पन्न धरलेलंच नाही. अमेरिकेत एनबीए बास्केटबॉलमध्ये खेळाशी संबंधित उत्पन्नाचा जवळपास अर्धा भाग खेळाडूंना जातो, कारण तिथे खेळाडूंची संघटना मालकांसमोर बसून करार करते. आपल्याकडे खेळत्या क्रिकेटपटूंची तशी संघटना नाही. भारतीय क्रिकेटपटूंची म्हणून जी आहे ती निवृत्तांची. २७ कोटींच्या मथळ्याखाली ही गोष्ट झाकली जाते.

पंतला २७ कोटी कसे मिळाले? कुणी दुसरा तर एवढं बोलतच नव्हता.

हा प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे. २४ नोव्हेंबर २०२४, जेद्दाह. व्यासपीठावर मल्लिका सागर. त्याच दिवशी थोडं आधी पंजाबने श्रेयस अय्यरला २६ कोटी ७५ लाखांना घेऊन विक्रम केला होता. पंतची मूळ किंमत २ कोटी. लखनऊ, बंगळुरू, मग हैदराबाद अशी चढाओढ होऊन भाव २० कोटी ७५ लाखांवर लखनऊच्या नावावर थांबला.

इथे दिल्लीने आरटीएम कार्ड काढलं. आपला जुना खेळाडू, दुसऱ्याने लावलेल्या किमतीला परत घेण्याचा हक्क म्हणजे आरटीएम. पण त्या वर्षी नियमात नवी मेख होती: कार्ड वापरलं की शेवटची बोली लावणाऱ्याला आणखी एकदा, हवी तेवढी किंमत वाढवायची संधी. त्या वाढीव किमतीला दिल्ली तयार झाली तर खेळाडू दिल्लीचा, नाहीतर लखनऊचा.

आता लखनऊच्या टेबलावर बसून विचार करा. २१ म्हटलं तर दिल्ली हो म्हणणार. २३ लाही कदाचित म्हणेल. असा आकडा हवा की दिल्लीने नाद सोडावा. एकच डाव, पुन्हा बोलायला जागा नाही. त्यांनी २७ म्हटलं आणि दिल्लीने नकार दिला. म्हणजे वरचे सव्वासहा कोटी लखनऊने स्वतःविरुद्धच चढवले. २५ ला काम झालं असतं का, हे दिल्लीलाच माहीत. लखनऊने निकोलस पूरनला आधीच २१ कोटींना ठेवलं होतं. म्हणजे दोन यष्टिरक्षक-फलंदाजांवर ४८ कोटी, पर्सचे ४० टक्के. गोलंदाजी उरल्यासुरल्यातून, आणि त्यातले जलद गोलंदाज दुखापतग्रस्त. २०२५ ला संघ सातवा आला. पंतच्या हंगामात २६९ धावा, त्यातल्या नाबाद ११८ शेवटच्या सामन्यात, सगळं हातचं गेल्यावर.

पॅडल मालक उचलतात, पण ठरवतं कोण?

प्रशिक्षक, स्काउट, आकडेवारीचे विश्लेषक आणि क्रिकेट संचालक मिळून आधी यादी करतात. प्रत्येक जागेसाठी तीन-चार पर्याय आणि प्रत्येकाची वरची मर्यादा. लिलावाआधी संघ आपापसात लुटुपुटूचे लिलावही घेतात, दुसऱ्या संघांच्या भूमिका वाटून. प्रत्यक्ष दिवशी टेबलावर काव्या मारन, आकाश अंबानी, प्रीती झिंटा, पार्थ जिंदाल असे चेहरे कॅमेऱ्यात येतात, शेजारी कुणीतरी लॅपटॉपवर उरलेली पर्स मोजत असतो.

मर्यादा ओलांडली जाते ती बहुतेकदा दोन कारणांनी. एक, त्या जातीचा दुसरा खेळाडू यादीत उरलेला नसतो. दुसरं, समोरच्या टेबलावर कोण बोली लावतोय यावर जीव जळतो. वरच्या टप्प्यात बोली एका वेळी २५ लाखांनी चढते, त्यामुळे प्रत्येक वेळी 'अजून पंचवीसच तर' असं वाटत राहतं.

कोणत्या प्रकारच्या खेळाडूला सर्वांत जास्त भाव?

भारतीय जलद गोलंदाज, भारतीय यष्टिरक्षक-फलंदाज आणि षटकं टाकू शकणारा भारतीय फटकेबाज. अकरांत परदेशी चारच खेळवता येतात, म्हणजे सात जागा भारतीयांच्या आणि तिथे टंचाई. उत्तम परदेशी सलामीवीर जगात भरपूर आहेत. डेथ ओव्हर, म्हणजे डावातली शेवटची षटकं, टाकणारा भारतीय मात्र बोटांवर मोजण्याइतका, म्हणूनच अर्शदीपसाठी पंजाबने १८ कोटींवर आरटीएम वापरलं.

रिटेन्शनमध्ये मालक काय डोकं लावतात?

लिलावाआधी मोठे खेळाडू स्वतःकडे ठेवायचे की पैसे वाचवून मैदानात उतरायचं, हा खरा कसोटीचा क्षण. २०२५ साठी पाच आंतरराष्ट्रीय खेळाडू ठेवायचे तर १८, १४, ११, १८ आणि १४ असे एकूण ७५ कोटी पर्समधून वजा होणार होते. पण त्या ७५ ची वाटणी आपल्या मनाप्रमाणे करायची मुभा होती.

मुंबई इंडियन्सची वाटणी पाहा: बुमराह १८ कोटी, सूर्यकुमार आणि हार्दिक प्रत्येकी १६ कोटी ३५ लाख, रोहित १६ कोटी ३० लाख, तिलक वर्मा ८ कोटी. बेरीज बरोबर ७५. बुमराह सगळ्यांच्या वर, कर्णधार हार्दिक आणि सूर्या सारखे, माजी कर्णधार रोहित पाच लाखांनी खाली. कुणाचा मान किती राखायचा हे पै-पैशात मांडलेलं दिसतं. इतकी मोठी नावं एका घरात ठेवायची तर हे हिशेब लागतातच.

हैदराबादने तेच ७५ कोटी वेगळे वाटले: क्लासेनला २३, तर नितीश रेड्डीला ६.

पंजाबने याच्या उलटं केलं. शशांक सिंग आणि प्रभसिमरन सिंग एवढेच दोघे ठेवले, तेही आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेले, आणि ११० कोटी ५० लाख घेऊन जेद्दाहला गेले. श्रेयस, अर्शदीप आणि चहल या तिघांवरच ६२ कोटी ७५ लाख टाकले. मुंबई आणि पंजाबचे हे दोन्ही डाव २०२५ च्या क्वालिफायर दोनमध्ये समोरासमोर आले. श्रेयसने नाबाद ८७ केल्या आणि पंजाब अंतिम फेरीत गेला.

चेन्नईची चलाखी तिसरीच. पाच वर्षं आंतरराष्ट्रीय क्रिकेट न खेळलेला भारतीय 'अनकॅप्ड', म्हणजे आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्यांसारखा, धरायचा, हा जुना नियम २०२४ ला परत आला आणि धोनी ४ कोटींत बसला. पुण्याच्या ऋतुराज गायकवाडला मात्र १८ कोटी.

महागडा खेळाडू म्हणजे चषक पक्का?

२००८ ला सर्वांत कमी खर्चाच्या राजस्थानने शेन वॉर्नच्या हाताखाली चषक नेला, तेव्हापासून हा वाद आहे. उलट बाजूही आहे. २०२४ च्या हंगामासाठी कोलकात्याने मिचेल स्टार्कवर २४ कोटी ७५ लाख लावले. पहिल्या टप्प्यात त्याला चोप बसत होता तेव्हा लोकांनी एका चेंडूचा दर काढून खिल्ली उडवली. पहिला क्वालिफायर आणि अंतिम सामना, दोन्हीत सामनावीर तोच. समोर हैदराबाद होतं, २० कोटी ५० लाखांच्या कमिन्सच्या नेतृत्वाखाली. म्हणजे त्या वर्षी दोन सर्वांत महाग खेळाडू अंतिम सामन्यात होते.

आणि तरी पुढच्या लिलावाआधी कोलकात्याने स्टार्कला सोडलं. दिल्लीने त्याला ११ कोटी ७५ लाखांत उचललं.

वीस-तीस लाखांत हिरे कसे सापडतात?

शोधावे लागतात. मुंबई इंडियन्सचं यश अंबानींच्या पैशाला चिकटवण्याची सवय आहे, पण पर्स सगळ्यांची सारखीच. तिथे फरक पडला तो भारताचे माजी प्रशिक्षक जॉन राइट यांच्यासारख्या माणसांच्या नजरेने. २०१३ ला मुंबईकडे आला तेव्हा बुमराह १९ वर्षांचा होता. हार्दिक २०१५ ला १० लाखांत आला. ३० लाखांत घेतलेल्या अश्वनी कुमारने ३१ मार्च २०२५ ला वानखेडेवर पदार्पणात कोलकात्याचे चार बळी घेतले. पर्स मर्यादित असली तरी स्काउटवर करायच्या खर्चाला मर्यादा नाही. श्रीमंती वापरायची खरी जागा ही आहे, आणि सगळ्या मालकांना ते अजून उमगलेलं नाही.

आता राज्यांच्या टी-ट्वेंटी लीगमध्ये स्काउट ठाण मांडून असतात. सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी २०२३ च्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये नाशिकच्या संघाकडून शतक ठोकून चमकला आणि त्याच डिसेंबरात लखनऊने त्याला २० लाखांत घेतलं.

कधी नशीबही कामाला येतं. डिसेंबर २०२३ ला शशांक सिंगचं नाव पुकारलं गेलं, पंजाबने पॅडल उचललं, हातोडा पडला आणि मग टेबलावर गोंधळ: हा तो नव्हे! पण पडलेला हातोडा परत उचलत नाहीत. संघाने नंतर सांगितलं की दोन सारख्या नावांमुळे घोळ झाला, खेळाडू बरोबरच होता. २० लाखांच्या शशांकने त्या हंगामात ३५४ धावा केल्या आणि वर्षभराने साडेपाच कोटींना रिटेन झाला.

कालचे २४ कोटी आज ७ कोटी कसे होतात?

वेंकटेश अय्यरला कोलकात्याने २३ कोटी ७५ लाखांना परत घेतलं, २०२५ ला १४२ धावा झाल्या, संघाने सोडलं आणि आरसीबीने ७ कोटींत घेतलं. जयदेव उनाडकटचा भाव राजस्थाननेच साडेअकरा कोटींवरून ८.४ आणि मग ३ कोटींवर आणला, दरवेळी सोडून पुन्हा घेत.

किंमत खेळाडूच्या गुणवत्तेची नसते, त्या मिनिटाला किती टेबलांकडे किती पैसे उरलेत आणि किती जणांना तो हवा आहे, त्याची असते. त्यामुळे नाव कोणत्या सत्रात पुकारलं जातं यालाही महत्त्व. सुरुवातीच्या संचात पर्स भरलेल्या असतात. शेवटच्या फेरीत, बाजार उठताना भाजी मिळावी तसे चांगले खेळाडू मूळ किमतीत मिळतात. काही मालक मुद्दाम तोवर थांबतात.

मिनी लिलावात परदेशी खेळाडूंना जास्त पैसे मिळतात ना?

मिळायचे. मोठ्या लिलावाला दांडी मारून मिनी लिलावात यायचं, जिथे खेळाडू थोडे आणि गरजू जास्त, ही काही परदेशी खेळाडूंची युक्ती होती. मालकांनी तक्रार केली आणि नियम आला: मिनी लिलावात परदेशी खेळाडूच्या हातात १८ कोटींपेक्षा जास्त पडणार नाहीत. डिसेंबर २०२५ ला कोलकात्याने ६४ कोटी ३० लाखांची सर्वांत मोठी पर्स आणली आणि कॅमेरॉन ग्रीनला २५ कोटी २० लाखांना घेतलं. पर्समधून पूर्ण रक्कम गेली, ग्रीनला १८ मिळणार, वरचे ७ कोटी २० लाख बोर्डाकडे, खेळाडूंच्या कल्याणासाठी.

विकला गेल्यावर सबळ कारण नसताना माघार घेतली तर दोन वर्षं बंदी. इंग्लंडच्या हॅरी ब्रूकला ती २०२५ ला लागली.

ट्रेडमध्ये पैशाचं काय होतं?

ट्रेड म्हणजे लिलावाबाहेर एका संघाने दुसऱ्याकडून खेळाडू थेट घेणं. खेळाडूचं मानधन नव्या संघाच्या पर्समधून जातं. पण आधीच्या संघाला हस्तांतरणासाठी जी रक्कम दिली जाते ती पर्सबाहेरची आणि सहसा जाहीर न होणारी. मालकाची खरी श्रीमंती चालते अशी ही एक खिडकी. नोव्हेंबर २०२३ ला हार्दिक गुजरातहून मुंबईला रोख सौद्यात परतला. त्याच्या मानधनाला पर्समध्ये जागा हवी म्हणून मुंबईने साडेसतरा कोटींच्या ग्रीनला बंगळुरूकडे धाडलं. हो, तोच ग्रीन.

पुण्याचा संघ दोनदा आला, दोनदा गेला. खेळाडूंवर जास्त खर्च झाला म्हणून?

नाही. सहाराने २०१० ला पुण्यासाठी ३७ कोटी डॉलर मोजले, तेव्हाच्या हिशेबाने सुमारे १,७०२ कोटी रुपये. नाकापेक्षा मोती जड झाला. सामन्यांची संख्या ठरल्यापेक्षा कमी, म्हणून हप्ता कमी करा, हा बोर्डाशी वाद चालला आणि २०१३ ला बोर्डाने बँक हमी वटवल्यावर सहारा बाहेर पडली.

दुसरा संघ गोयंकांचा, चेन्नई आणि राजस्थानच्या निलंबनामुळे मुळातच दोन वर्षांपुरता. त्याने मात्र खेळाडू चांगला निवडला. २०१७ ला बेन स्टोक्सवर १४ कोटी ५० लाख लावले आणि तो स्पर्धेतला सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला. अंतिम सामना मुंबईकडून एका धावेने गेला. पुणेकर ते अजून काढतात.

महिलांच्या लीगमध्ये गणित वेगळं आहे का?

प्रमाण वेगळं. २०२३ ला पाच संघ मिळून ४,६६९ कोटी ९९ लाखांना विकले गेले, एकट्या अहमदाबादसाठी अदानींनी १,२८९ कोटी मोजले. आणि खेळाडूंसाठी पर्स किती? संघाला तेव्हा १२ कोटी. जागेला हजार कोटी देणाऱ्याने मैदानातल्या मुलींना त्या वर्षी बारा द्यायचे, ही तफावत पुरुषांच्या लीगपेक्षाही डोळ्यांत खुपते.

सांगलीच्या स्मृती मानधनाला आरसीबीने ३ कोटी ४० लाखांना घेतलं, पर्सच्या २८ टक्के. पहिल्या वर्षी संघ पाचांत चौथा आला, दुसऱ्या वर्षी चषक.

कबड्डीत काय चालतं?

प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामाने तर धडाच घालून दिला. पर्स ५ कोटींची. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजार घातले, पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूवर २ कोटी ३५ लाख. दोघांनीही जवळपास निम्मी पर्स एका माणसावर संपवली. टायटन्स तळाला राहिले, पलटण विजेती झाली.

पलटणकडे अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, पंकज मोहिते, आकाश शिंदे अशी कमी पैशांत हाती आलेली, सांभाळून वाढवलेली पोरं आधीच होती. शादलूने त्यांच्या बचावाला कणा दिला. टायटन्सच्या चढाया पवन एकटाच ओढत होता. तो बाद होऊन बाकावर गेला की संपलं.

पर्सला बगल देऊन टेबलाखालून पैसे देता येतात का?

देता-घेताना सापडलं तर महागात पडतं. २०१० ला राजस्थानच्या रवींद्र जडेजाने करार न करता दुसऱ्या फ्रँचायझीशी परस्पर बोलणी केल्याचा ठपका ठेवून त्याला तो अख्खा हंगाम बाहेर बसवलं गेलं. २०१२ च्या लिलावात चेन्नई आणि हैदराबादचा तेव्हाचा संघ डेक्कन चार्जर्स त्याच्यासाठी २० लाख डॉलरच्या कमाल बोलीवर अडले, गुप्त टायब्रेकर झाला आणि तो चेन्नईला मिळाला. टायब्रेकरमध्ये चेन्नईने वर किती मोजले तो आकडा नियमानुसार गुप्तच ठेवला गेला, आणि ते पैसे जडेजाला न मिळता बोर्डाच्या खात्यात गेले.